'डाऊट' विचारताय की घेताय?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका ब्रिटिश प्राध्यापकांना त्यांच्या पेपरबद्दल मेल केला: 'आय हॅव अ डाऊट अबाउट युवर मेथड.' उत्तर आलं चार परिच्छेदांचं, पद्धत कशी बरोबर आहे ते पटवून देणारं, आणि जरा तुटकच. मला तर फक्त एक पायरी समजून घ्यायची होती!

घोळ आपल्या 'शंके'चा आहे. मराठीत शंका विचारताही येते आणि घेताही येते. वर्गात सर 'काही शंका?' म्हणतात, तेव्हा ते प्रश्न मागत असतात. भारतीय इंग्रजीत 'डाऊट'ला हे दोन्ही अर्थ चिकटलेत. ब्रिटन-अमेरिकेत मात्र ऐकू येतो तो दुसराच, म्हणजे 'मला हे पटत नाही'. म्हणून समजलं नसेल तर 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहा. खरंच पटलं नसेल तर 'डाऊट्स' खुशाल लिहा, पण मग कारणं तयार ठेवा.

'प्लीज रिव्हर्ट'चंही तेच. तिकडे बऱ्याच जणांना ते 'पूर्वस्थितीला जा' असं वाटतं. साधं 'रिप्लाय' बरं.

आपापसांत बोलताना बिनधास्त डाऊट विचारा हं, ती काही चूक नाही.

त्या प्राध्यापकांना मी पुन्हा मेल केला, 'क्वेश्चन' लिहून. दोन ओळींत उत्तर आलं.