अद्भुतकथेच्या समीक्षेतील संज्ञांचा गैरवापर

अद्भुतकथा अथवा फँटसी या साहित्यप्रकाराची चर्चा करताना ‘रूपक’, ‘अद्भुत’, ‘जादुई वास्तववाद’ या संज्ञा अनेकदा त्यांच्या नेमक्या अर्थाकडे दुर्लक्ष करून वापरल्या जातात. त्यामुळे कथेचे स्वरूप स्पष्ट होण्याऐवजी झाकले जाते.

रूपक

संस्कृत काव्यशास्त्रात रूपक हा उपमेय व उपमान यांचा अभेद सांगणारा अलंकार आहे. नाट्यविचारात तीच संज्ञा नाट्यप्रकारांसाठी येते. आधुनिक मराठीतील ‘रूपककथा’ याहून निराळी आहे. तिच्यातील पात्रे व घटना यांच्यामागे दुसरा, बराचसा निश्चित अर्थ समांतर चालतो. हा प्रकार मराठीत रुजवण्यात वि. स. खांडेकर यांचा मोठा वाटा आहे. प्रतीकाचा अर्थ मात्र असा बांधलेला नसतो.

जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहातील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दीर्घकथा काल्पनिक प्रदेशांत घडतात. केवळ तेवढ्यावरून त्यांना रूपककथा ठरवल्यास प्रत्येक प्रसंगाचा एकच अर्थ शोधला जातो आणि त्यांतील अनेकार्थता हरवते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हाच भेद केला आहे. वाचकाने कथा स्वतःच्या अनुभवाला लावून पाहणे वेगळे आणि लेखकाने अर्थ नेमून देणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे होते.

अद्भुत

भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा रस असून विस्मय हा त्याचा स्थायिभाव आहे. म्हणजे ही संज्ञा कथावस्तूची नसून रसिकाच्या अनुभवाची आहे. राक्षस असलेली कथा भयानक वा करुण रसाचीही असू शकते. त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये मांडलेली ‘अद्भुत’ची व्याख्या आणखी संकुचित आहे : घटना नैसर्गिक की अतिमानवी, या संभ्रमावर ती आधारलेली आहे. परीकथेत जादू प्रारंभापासूनच गृहीत असल्याने ती या व्याख्येत बसत नाही.

जादुई वास्तववाद

ही संज्ञा फ्रान्झ रो यांनी १९२५ मध्ये जर्मन चित्रकलेच्या संदर्भात वापरली. पुढे ती लॅटिन अमेरिकी कथासाहित्याशी जोडली गेली. ओळखीच्या दैनंदिन जगात अलौकिक घटना सहजपणे घडणे, हे तिचे लक्षण होय. स्वतंत्र काल्पनिक जग उभारणाऱ्या कथेला ती लागू पडत नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) सुरू झालेल्या मराठी अद्भुतरम्य कादंबरीला हे नाव दिल्यास तिची स्वतःची परंपराच दृष्टीआड होते.