चिडक्या आतड्याला इसबगोल : घ्यावा, पण कसा?

पोटाच्या तक्रारींची जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांतली निम्मी एकाच साच्याची असतात. सकाळी दोन-तीनदा जावे लागते, तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. जेवण झाले की पोट फुगते, कळ येते आणि शौचाला जाऊन आले की जरा बरे वाटते. चार दिवस पातळ, मग चार दिवस खडा. रक्त तपासले, शौच तपासले, सोनोग्राफी झाली, पण निघाले काहीच नाही. पत्राच्या शेवटी प्रश्नही ठरलेला : ‘यावर झाडपाल्याचे एखादे बिनअपायाचे औषध सुचवाल का?’

या दुखण्याला डॉक्टर मंडळी इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात आयबीएस. मी माझ्या रुग्णांना ‘चिडके आतडे’ असे सांगतो. आतड्यात जखम नसते, गाठ नसते. आतड्याच्या भिंतीतले स्नायू अवेळी आवळतात आणि आतड्याकडून मेंदूकडे जाणारी जाणीव फार तिखट झालेली असते. दुसऱ्याला कळणारही नाही एवढा वायू या माणसाला हैराण करतो. म्हणून तपासण्या निर्दोष येतात, पण दुखणे खरे असते. घरच्यांनी ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे. आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो. ‘जुनी आव आहे’ असे कोणीतरी सांगून ठेवते आणि रुग्ण वर्षानुवर्षे आवेच्या गोळ्यांचे कोर्स करीत राहतो. शौचाच्या तपासणीत जंतू सापडलेले नसतील, तर त्या गोळ्यांनी तोंड कडू होण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

झाडपाल्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट. शौचावाटे रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, पोटाच्या तक्रारीने रात्री झोपेतून उठावे लागत असेल, ताप किंवा पंडुरोग असेल, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर ही तक्रार पहिल्यांदाच सुरू झाली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. रक्त पडते ते मूळव्याधीचेच, असे स्वतःच ठरवून सहा-सहा महिने चूर्ण फाकणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांतल्या काहींना फार उशीर झालेला होता.

आता औषधांकडे येऊ. बाजारात या तक्रारीसाठी वनस्पतींची डझनावारी औषधे मिळतात. त्यांतले एकच निवडायचे झाले, तर मी डोळे मिटून इसबगोल निवडीन. गुजरात आणि राजस्थानच्या कोरड्या भागात हे पीक होते आणि मेहसाणा जिल्ह्यातले उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. तिथून ते अमेरिकेपर्यंत जाते. नाव फारसी आहे. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून ‘अस्प-गोल’, त्याचे आपण इसबगोल केले. औषधात वापरतात ते बियांवरचे पांढरे टरफल, म्हणजे सत इसबगोल.

त्याचे काम समजायला फालुद्यातला सब्जा आठवावा. पाण्यात पडला की फुगून बुळबुळीत होतो, तसेच हे टरफल. आतड्यात ते पाणी धरून ठेवते. शौच खडा असेल तर या पाण्याने मऊ होते, पातळ असेल तर जादा पाणी शोषले जाऊन ते बांधून येते. जुलाब आणि बद्धकोष्ठ दोन्हींवर एकच औषध कसे, असे लोक विचारतात, त्याचे उत्तर हे. शिवाय आतड्यातले जंतू त्याला फारसे आंबवत नाहीत, त्यामुळे वायूही कमी होतो.

इथे गव्हाच्या कोंड्याशी गल्लत होते. ‘चोथा खा’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरोघरी कणकेत कोंडा मिसळणे सुरू होते. चोथा-चोथ्यात फरक आहे. इसबगोल पाण्यात विरघळून लगदा होणारा, तर कोंडा भरड आणि न विरघळणारा. नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी आयबीएसच्या २७५ रुग्णांवर याची परीक्षा घेतली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला तितकाच कोंडा आणि तिसऱ्याला औषध म्हणून नुसते तांदळाचे पीठ, असे १२ आठवडे दिले. पहिल्या महिन्यात इसबगोलवाल्यांपैकी शेकडा ५७ जणांना पुरेसा आराम वाटला, पिठावर ३५ जणांना. कोंडा घेणारे तर त्रास वाढला म्हणून मध्येच गळू लागले. तेव्हा चिडक्या आतड्याच्या माणसाला आग्रहाने कोंड्याची पोळी वाढू नये. पिठावरही शंभरांत ३५ जणांना बरे वाटले, हेही ध्यानात ठेवावे. ‘अमक्याला तमक्या चूर्णाने गुण आला’ हे ऐकताना मला तो आकडा आठवतो.

पुष्कळ जण म्हणतात, ‘इसबगोल घेऊन पाहिला, उलट पोट जास्त फुगले.’ खोदून विचारले की कळते, पहिल्याच रात्री दोन मोठे चमचे घेतले होते आणि तेही कपभर दुधात. मोठ्या माणसांपैकी अनेकांना दूध नीट पचत नाही. वायू दुधाचा आणि बोल इसबगोलाला! तो पाण्यातून घ्यावा. पहिले चार-पाच दिवस एकच लहान चमचा, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच पिऊन टाकावा, वर आणखी पेलाभर पाणी. मग हळूहळू दोन-तीन आठवड्यांत दिवसाला दोन मोठ्या चमच्यांपर्यंत जावे, म्हणजे साधारण १० ग्रॅम होतो. कोरडा कधीही तोंडात टाकू नये, घशात फुगून अडकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतडे अरुंद झाल्याचे निदान आहे, त्यांनी तो घेऊच नये. थायरॉइडची किंवा इतर गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन-तीन तासांचे अंतर हवे. मधुमेह्यांनी स्वादवाल्या पुड्यांत साखर आहे का ते पाहावे. आणि महिनाभर तरी धीर धरावा. एस.टी.त वाहक असलेले एक गृहस्थ ड्यूटीच्या आदल्या रात्रीपासून उपाशी राहत, कारण गाडी वाटेत थांबवणार कोण? त्यांना फरक कळायला पाच आठवडे लागले. आता ते डबा घेऊन कामावर जातात.

इसबगोलाने शौच सुधारते, कळ मात्र कधी कधी राहते. तिथे पुदिन्याचे तेल कामी येते. त्यातला मेंथॉल आतड्याचे आवळलेले स्नायू सैल करतो. पण हा पुदिना वेगळा, पेपरमिंट जातीचा. आपण चटणीला वापरतो त्या पुदिन्यात मेंथॉल जवळपास नसतोच, त्यामुळे चटणीवर भिस्त ठेवू नये. जठरात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल मिळतात, त्या जेवणापूर्वी न चावता गिळायच्या. ज्यांना मुळातच छातीत जळजळ होते त्यांची जळजळ वाढते. पुरावा इसबगोलाइतका भक्कम नाही, तरी अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली या दोन्हींना आपल्या शिफारशींत जागा दिली.

बेलफळाचे काय? बनारस हिंदू विद्यापीठातल्या वैद्यकतज्ज्ञांनी बेल आणि ब्राह्मीचे मिश्रण १६९ रुग्णांवर तपासले, ते १९८९ साली छापून आले. ज्यांना जुलाबाचा त्रास अधिक, त्यांना चांगला गुण आला. पण सहा महिन्यांहून पुढे पाहिले तर दुखणे उलटण्याचे प्रमाण कमी झालेले नव्हते. इंग्रजी औषधांचाही तोच अनुभव आला. म्हणून बेलाचा मुरंबा आवडीने खावा, साखरेचे भान ठेवून. ओवा, हिंग, जिरे यांनी वायूला तात्पुरता उतार पडतो, तेवढेच त्यांचे काम.

खरी काळजी वाटते ती पोट साफ करणाऱ्या चूर्णांची. डब्यावर ‘पूर्णतः वनस्पतिजन्य’ असे मोठ्या अक्षरात असते आणि घटकांच्या बारीक यादीत सोनामुखी. सोनामुखी आतड्याला चाबूक मारून पळवते. बद्धकोष्ठात एखादे वेळी ठीक, पण चिडक्या आतड्याला रोज चाबूक बसला की मुरडा वाढतो, मग माणूस चूर्ण आणखी वाढवतो. आज घरी गेल्यावर आपल्या डब्यावरची यादी वाचा. सोनामुखी सापडली आणि वर्षानुवर्षांची सवय असेल, तर एकदम बंद करू नका. आधी इसबगोल सुरू करून तो दोन आठवडे अंगवळणी पडू द्या, मग चूर्ण निम्मे करा, आणखी दोन आठवड्यांनी एक दिवसाआड, नंतर बंद. मधले काही दिवस पोट रुसेल, दोन दिवस शौचाला होणारही नाही. त्याला घाबरून पुन्हा डबा उघडू नका. मात्र पोट ताठर झाले, उलट्या सुरू झाल्या किंवा वायूही सरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.