समुद्राने दिलेला दुसरा अँटेना

सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातून पूर्वेला निघालं की हॉर्न्सबी लागतं. १९४७च्या सुमारास तिथे रुबी पेन-स्कॉट सूर्याचे रेडिओस्फोट टिपत होत्या. जगातली पहिली स्त्री रेडिओ खगोलशास्त्रज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतात. जन्म १९१२चा, ग्राफ्टनचा. सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून, काही काळ शाळेत शिकवून, १९४१मध्ये रडारच्या कामासाठी त्या सरकारी रेडिओफिजिक्स प्रयोगशाळेत आल्या.

युद्ध संपलं, तेव्हा सिडनीतल्या डोव्हर हाइट्सच्या समुद्रकड्यावर लष्कराचा रडार अँटेना आयताच उभा होता. उगवत्या सूर्याच्या रेडिओलहरी त्याच्यापर्यंत दोन वाटांनी येत : एक थेट, दुसरी समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होऊन. दोन्ही लहरींचे चढउतार जुळले की संकेत वाढे, उलटे पडले की घटे. दुसऱ्या अँटेनाचं काम समुद्रच करत होता, तेही फुकटात! २६ जानेवारी १९४६च्या सूर्योदयाला रुबी आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती वापरली. पुढच्या नोंदींवरून उलगडलं की वादळी रेडिओलहरी अख्ख्या सूर्यबिंबातून नाही, तर सौरडागांच्या समूहाजवळून येतात.

मॅक्रेडी आणि पॉसी या सहकाऱ्यांसोबत रुबींनी लिहिलेल्या १९४७च्या शोधनिबंधात मात्र याहून मोठी गोष्ट होती. अशा अनेक नोंदी फुरिये गणिताने, म्हणजे लहरींची बेरीज करून आकृती घडवणाऱ्या पद्धतीने, जोडल्या, तर आकाशातल्या स्रोताचं चित्र उभं करता येईल, असं त्यांनी मांडलं. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण आपल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशनी हेच करते. हे तंत्र प्रत्यक्षात विकसित केल्याबद्दल केंब्रिजच्या मार्टिन राइल यांना १९७४मध्ये नोबेल मिळालं. तोवर रुबी संशोधनातून बाहेर पडून दोन दशकं उलटली होती.

बाहेर पडण्याचं मूळ सरकारी नियमांत होतं. लग्न झालेल्या स्त्रीला सरकारी खात्यात कायम पद नसे. १९४४मध्ये बिल हॉल यांच्याशी केलेलं लग्न रुबींनी म्हणूनच लपवलं. १९५०मध्ये ते उघड झालं, कायम पद गेलं, हंगामी नेमणूक हाती आली. १९५१मध्ये बाळाच्या चाहुलीने त्यांनी राजीनामा दिला. प्रसूतीची रजा नावाची गोष्टच तेव्हा त्यांच्यासाठी नव्हती. तो मुलगा, पीटर हॉल, पुढे जगप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ झाला. रुबी नंतर शाळेत शिकवू लागल्या, १९८१मध्ये वारल्या. लग्नबंदीचा नियम १९६६पर्यंत टिकला.

नोकरीतली शेवटची वर्षं रुबींनी सिडनीतल्याच पॉट्स हिल इथे, सूर्यस्फोटांचा माग काढण्यात घालवली. त्याच ठिकाणी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या ख्रिस्तियनसेन यांनी ३२ छोट्या डिशची रांग उभारली. १९५३मध्ये सिडनीला आलेल्या भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या डिश पुढे भारतासाठी मागून घेतल्या. १९६५मध्ये त्या कल्याणला उभ्या राहिल्या आणि पुन्हा सूर्याच्याच रेडिओलहरी टिपू लागल्या.