न आलेल्या विमानांचा आवाज

"दोन विमानं होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली," मावशीआजी ठासून सांगायची. १४ एप्रिल १९४४च्या दुपारी ती माझगावच्या चाळीत होती; वय वर्षं दहा. त्या दिवशी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं. त्याच्या पोटात दारूगोळा होता आणि कापसाच्या गासड्याही. कापसाने पेट घेतला आणि अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. त्यांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. जपान्यांनी बाँब टाकले, असं त्या संध्याकाळी असंख्य मुंबईकर धरून चालले होते. प्रत्यक्षात शहरावर एकही शत्रूचं विमान आलं नव्हतं.

मावशीआजी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. म्हणून तिची दोन विमानं माझ्या मनात तशीच राहिली. पुढे १९४० सालच्या लंडनवर कादंबरी लिहायला घेतली आणि हवाई हल्ल्यांच्या साक्षी वाचू लागले, तेव्हा ती पुन्हा समोर आली.

लंडन निवडण्याचं कारण वेणू चितळे. कोल्हापूरकडच्या शिरोळची ही मुलगी युद्धकाळात बीबीसीत काम करत होती, जॉर्ज ऑर्वेलची सहकारी होती. १९५० साली तिची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी आली, ती मात्र एका मराठी एकत्र कुटुंबाची. लंडनच्या त्या रात्री मराठी मुलीने कशा काढल्या असतील, हा प्रश्न मला सोडेना. माझी नायिका म्हणजे वेणूताई नव्हेत, पण तिला त्याच गल्ल्यांतून चालवायचं होतं.

७ सप्टेंबर १९४०, शनिवार. ऊन पडलेली छान दुपार होती, हे सगळेच सांगतात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला विमानं आली, ईस्ट एंडच्या गोद्या पेटल्या आणि पुढे जवळजवळ दोन महिने एखादा अपवाद सोडता रोज रात्री बाँब पडत राहिले. याचे साक्षीदार हजारोंनी आहेत. इंपीरियल वॉर म्युझियमच्या ध्वनिसंग्रहात त्यांच्या मुलाखती आहेत, छापील आठवणींना तर गणती नाही. सुरुवातीला मी अधाशासारखी वाचत सुटले. काही महिन्यांनी लक्षात आलं की सगळ्यांचा आवाज एकच होऊ लागला आहे. भुयारी रेल्वेच्या फलाटावर सगळे मिळून गात होते, शेजारीण चहा घेऊन आली, आम्ही कुणी घाबरलो नाही. हे खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण चाळीस वर्षांत शेकडो चित्रपट आणि समारंभ त्यावरून फिरले होते, आणि सांगणाऱ्याची स्वतःची रात्र त्याखाली झाकली गेली होती.

मग 'मास ऑब्झर्व्हेशन' हाती आलं. १९३७ साली टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी सुरू केलेला हा उपक्रम. साध्यासुध्या माणसांनी आपलं रोजचं जगणं लिहून पाठवायचं. युद्धाच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९पासून, अनेकांनी डायऱ्याच पाठवायला सुरुवात केली. हे कागद आज ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. इथे भीती आहे. चिडचिड आहे. सासूशी झालेलं भांडण आणि रात्रीचा भोंगा एकाच परिच्छेदात आहेत. बॅरो गावची नेला लास्ट ही गृहिणी तर वर्षानुवर्षं लिहीत राहिली, आणि तिच्या पानांत बाँबइतकीच जागा स्वयंपाकघराला आहे. मला हवं होतं ते हेच.

हॅरिसनने आयुष्याच्या अखेरीस एक विलक्षण गोष्ट केली. ज्यांनी १९४०-४१मध्ये हल्ल्यांची टिपणं लिहिली होती, त्यांतल्या काहींना त्याने तीस-पस्तीस वर्षांनी तेच प्रसंग पुन्हा लिहायला सांगितले, जुनी टिपणं न बघता. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर बऱ्याचदा ते एकाच माणसाचे वाटेनात. काही प्रसंग गायब झाले होते, काही नव्याने उगवले होते, आणि लिहिणारा दोन्ही वेळी प्रामाणिक होता. हे १९७६च्या 'लिव्हिंग थ्रू द ब्लिट्झ' या पुस्तकात आलं. मी ते वाचलं आणि जमवलेल्या प्रत्येक टिपणावर दोन तारखा लिहायला लागले: घटनेची आणि सांगण्याची. संशोधनात मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम हेच.

त्यानंतर माझं एक आख्खं प्रकरण पडलं. नायिका फलाटावर झोपते, असं मी लिहिलं होतं. पण नोव्हेंबर १९४०च्या सुरुवातीला लंडनमध्ये आश्रयस्थानांची शिरगणती झाली, तिचे आकडे पाहिले: भुयारी रेल्वेत शंभरातले फक्त चार, सार्वजनिक निवाऱ्यांत नऊ, घरच्या निवाऱ्यांत सत्तावीस. उरलेले साठ आपापल्या घरातच होते; जिन्याखाली, टेबलाखाली, नाहीतर सरळ अंथरुणात. मी तिला जिन्याखाली आणलं. तिथे गाणी नव्हती. कोळशाची पोती होती, घरमालकिणीचं घोरणं होतं, आणि माझ्या पानांत पहिल्यांदा जीव आला.

हा हिशोब सगळीकडे इतका सरळ चालत नाही. कॅनिंग टाउनच्या साउथ हॉल्सव्हिल शाळेत बेघर झालेली कुटुंबं बसची वाट पाहत थांबली होती. बस आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर बाँब पडला. सरकारी आकडा ७७चा. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या शेकडोंचा सांगत आले. बस चुकून कॅम्डन टाउनला गेल्या, अशीही वदंता आहे. त्या काळी वर्तमानपत्रांना जागेचं नावसुद्धा छापता येत नव्हतं. माणसांना काही सांगितलंच गेलं नाही, तर ती आपला आकडा आपणच ठरवणार. म्हणून कादंबरीत मी तिथला आकडा कुणाच्याच तोंडी घातलेला नाही. एक पात्र फक्त एवढंच म्हणतं, की ते आम्हाला खरं सांगत नाहीत.

आठवण आणि घटना यांतली ही फट हेन्री ग्रीन या कादंबरीकाराने युद्ध चालू असतानाच पकडली होती. तो स्वतः अग्निशमन दलात होता. १९४३च्या 'कॉट' या कादंबरीत नायक आगीची हकीकत सांगत असतो आणि लेखक मध्येच कंस उघडून प्रत्यक्षात काय होतं ते दाखवत जातो. सांगणाऱ्याला तो खोटं पाडत नाही. नुकत्याच पाहिलेल्या आगीलाही शब्द पुरे पडत नाहीत, एवढं दिसतं.

मावशीआजीकडे परत गेले ते लंडनमधल्या बेथनल ग्रीनमुळे. ३ मार्च १९४३ची रात्र. भोंगा झाला, लोक स्टेशनच्या निवाऱ्याकडे निघाले. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कातून विमानविरोधी अग्निबाण सुटले. ते नवे होते, तो आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता. अंधाऱ्या, ओल्या पायऱ्यांवर गर्दी रेटली गेली, कुणीतरी पडलं, त्यावर बाकीचे पडले. १७३ माणसं गुदमरून मेली. त्यांत ६२ मुलं. त्या रात्री तिथे एकही बाँब पडला नव्हता. तो आवाज बाँबचाच होता असं सांगणाऱ्याला चुकीचं ठरवून मला काय मिळणार?

मावशीआजी तेव्हा नव्वदीला टेकली होती. या वेळी मी विमानांचं विचारलंच नाही. "तुझ्या हातात काय होतं गं?" एवढंच विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "परात. आई पीठ मळायला बसली होती, मी पाणी घालत होते. खिडकीची काच सगळी पिठात आली."

"मग टाकून दिलं?"

"रेशनचं पीठ गं ते, टाकतील कसं? आईने मळलेलं तेवढं बाजूला ठेवलं. डब्यातलं तीनदा चाळलं. आणि जेवताना म्हणाली, प्रत्येक घास हळू चावा."