हुरड्याचा बेत पेरणीलाच ठरतो

कर्जतला निखाऱ्यावरचं जेवण म्हटलं की मुंबई-पुण्याकडच्या माणसाला रायगड जिल्ह्यातलं कर्जत आठवतं. तिथली फार्महाऊसं, सळईला टोचलेलं चिकन, थंडीत मडक्यात लावलेली पोपटी. दुसरं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, भीमा आणि सीना नद्यांच्या मुलखात आहे. हा कमी पावसाचा, ज्वारीचा तालुका. इथे सुट्टीच्या दिवशी घरचे, भावकीतले आणि पाहुणे विस्तवाभोवती गोळा होतात ते हुरड्यासाठी. त्याला आता ‘गावाकडचा बार्बेक्यू’ म्हणायची पद्धत पडू लागली आहे. तुलना चुकीची नाही, पण तिच्यातली खरी गोष्ट नजरेआड होते. अमेरिकेतला बार्बेक्यू विस्तवाजवळ वाट बघून साधतो आणि हुरडा शिवारात वाट बघून. म्हणून हुरड्याची काळजी करायची असेल तर ती आगटीपाशी नव्हे, पेरणीपाशी करावी लागते.

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. लाकडी मांडव उभारून त्यावर विस्तवाच्या धगीत मांस भाजायची त्यांची रीत स्पॅनिश लोकांनी पाहिली आणि शब्द उचलला. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही कला वाढली ती मुख्यतः गुलामगिरीत राबणाऱ्या आफ्रिकी लोकांच्या हातून. रात्रभर खड्ड्याशी जागायचं काम त्यांच्याकडे असे. 4 जुलैच्या स्वातंत्र्यदिनी अमेरिकेत घरोघरी अंगणात कोळसे पेटतात. त्यावर दहा मिनिटांत भाजलेल्या टिक्कीलाही लोक बार्बेक्यूच म्हणतात, पण जाणकारांच्या लेखी तो नव्हे. डुकराच्या खांद्याचं चिवट मांस सुमारे 110 अंश सेल्सिअसच्या मंद धगीत आणि लाकडाच्या धुरात दहा-बारा तास ठेवलं की त्यातले चिवट तंतू विरघळतात आणि मांस बोटांनी सुटतं. स्वस्तातला तुकडा सणाचा होतो तो या तासांमुळे. घाई करून जाळ वाढवला तर बाहेरून कोळसा, आतून चामडं.

हुरड्यालाही जाळ चालत नाही, आर लागतो. जमिनीत वीतभर खोल आगटी करतात, तीत गोवऱ्या रचून पेटवतात आणि धूर सरून वर पांढरी राख धरेपर्यंत थांबतात. मग हिरवी कणसं त्या आरात खुपसायची आणि फिरवत राहायची. दाण्यावरची बोंडं करपतात, पण आतला दाणा स्वतःच्याच ओलाव्यात वाफवला जातो. कणीस काढलं की झटकून राख पाडायची आणि हाताला चटका बसत असतानाच तळव्यांवर चोळायचं. निवू दिलं तर फोलपट सुटत नाही. एक फुंकर मारली की ओंजळीत पोपटी, लुसलुशीत दाणे उरतात. सोबत लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. भाजण्याचं काम काही मिनिटांचं, मग चव येते कुठून? दाणा दुधात असतो तेव्हा त्यात साखर जास्त असते. तो भरत जातो तशी तिची पिठूळ होते. मधले थोडे दिवस दाणा चिकात असतो, तोच हुरडा. त्याआधी नुसतं पाणी, त्यानंतर नुसती ज्वारी. कणीस मोडल्यावरही गोडी उतरतच राहते, म्हणून आगटी रानाच्या बांधावर असते. शहरात मिळणाऱ्या पाकिटातल्या हुरड्याचं थालीपीठ चांगलं होतं, पण चोळलेल्या गरम दाण्याची सर त्याला येत नाही.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याचाच असतो: हिरवी कणसं मोडली तर दाण्याचं नुकसान आणि कडब्याचंही. आक्षेप खरा आहे, म्हणूनच सगळं रान हुरड्याला काढायचं नसतं. जुन्या लोकांची रीत अशी की मालदांडीच्या रानात कडेला चार ओळी गूळभेंडीच्या टाकायच्या. गूळभेंडीचा दाणा गोड आणि सहज सुटणारा, मालदांडीचा भाकरीला. आता राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण दिले आहेत. कणसं मोडल्यावर उरलेली हिरवी ताटं जनावरं खातात, म्हणजे वैरण पुरती वाया जात नाही. दुसरा आक्षेप धुराचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंद घरातल्या चुलीच्या धुराने बायकांच्या छातीचं किती वाटोळं केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आगटी उघड्यावर असते, वर्षात दोन-चारदा पेटते, आणि धूर गेल्याशिवाय कणीस घालायचंच नसतं. ती पेटवायला रॉकेल किंवा प्लास्टिक वापरू नये, जवळ पाण्याची घागर ठेवावी आणि त्या ओळींवर औषध फवारलेलं नाही ना, हे आधी विचारावं. पैसे घेऊन हुरडा खाऊ घालण्यावरही नाक मुरडलं जातं. पाहुण्याला फुकट खाऊ घालायची रीत मोठीच, पण ज्वारीच परवडेनाशी झाली तर ती रीत पाळणार कोण? कुकडीच्या कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस आला, इतरत्र लिंबू आणि कांदा. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याच्या शेजारी तर पीक राखणं हेच एक काम. पाखरं हाकलायला माणूस मिळत नाही. अशात चार ओळींच्या हुरड्याने रोख पैसा दिला, तर बाजूची ज्वारीही टिकते.

तेव्हा 26 जानेवारीच्या सुट्टीला घरच्या रानात हुरडा करायचा असेल, तर त्याची तयारी सप्टेंबरातच सुरू होते. हुरड्याचे वाण पेरणीपासून साधारण तीन महिन्यांनी चिकात येतात, काही त्याहून आठ-दहा दिवस उशिरा. सगळं एकदम पेरलं तर सगळं एकदमच पिकतं आणि सुट्टीच्या दिवशी दाणा टणक झालेला असतो. त्यापेक्षा सप्टेंबरअखेरीपासून वाफसा धरून आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-दोन ओळी टाकाव्यात: पहिल्या नववर्षाच्या आसपासच्या, शेवटच्या प्रजासत्ताकदिनाच्या. हस्ताच्या पावसाने मध्येच खंड पाडला तर ओळी पुढे सरकतील, म्हणून एक जोडी जास्तीची ठेवावी. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी रानात जाऊन एक दाणा नखाने दाबून बघावा. चीक आला तर गोवऱ्या काढायला हरकत नाही.