अंगुश्त

कॉकेशसचे जुने नकाशे पाहण्याचा नाद लागल्यापासून एक गाव माझ्या मनातून गेलेले नाही. व्लादिकावकाझच्या पूर्वेला, डोंगर संपून सपाटी सुरू होते तिथे, कांबिलेयेवका नदीच्या खोऱ्यात अंगुश्त होते. रशियनांनी साऱ्या जमातीला इंगुश म्हटले ते याच गावावरून. ते लोक स्वतःला गलगाय म्हणवतात. नकाशांवर हे नाव मधूनच येते आणि मधूनच नाहीसे होते. नदी हलत नाही, शेते पिकत राहतात, फक्त माणसे बदलतात.

जॉर्जियाचा राजपुत्र वाखुश्ती याने 1745 मध्ये पुऱ्या केलेल्या आपल्या भूगोलात हे नाव नोंदवले. पंचवीसेक वर्षांनी पीटर्सबर्गच्या अकादमीने धाडलेला वैद्य-निसर्गशास्त्रज्ञ ग्यूल्डेनश्टेट या मुलखात फिरला. त्याच सुमारास, 1770 मध्ये, अंगुश्तजवळ इंगुश वडीलधाऱ्यांनी रशियाशी निष्ठेची शपथ घेतली. त्याच रशियाने नव्वद वर्षांत त्यांच्या वंशजांना या गावातून काढले. 1859 मध्ये रशियाशी लढणारा इमाम शमील शरण आला आणि डोंगर व सपाटी यांच्यामध्ये कोसॅकांच्या ठाण्यांची रांग उभी करायचे धोरण जोरात आले. अंगुश्तच्या जागी तार्स्काया हे ठाणे वसले. डोंगरात पिकाऊ जमीन अगदी थोडी, त्यामुळे काल जी शेते आपली होती तीच कोसॅकांकडून खंडाने कसायची पाळी इंगुशांवर आली. पुढच्या सगळ्या वैराचे मूळ मला या खंडात दिसते.

1918 च्या यादवीत इंगुश बोल्शेविकांच्या बाजूने उभे राहिले आणि तार्स्कायाचे कोसॅक हुसकावले गेले. त्यांच्यातल्या कित्येकांचा जन्म तिथलाच होता. त्यांचेही गाव गेलेच. अंगुश्त पुन्हा अंगुश्त झाले, ते जेमतेम पाव शतक.

31 जानेवारी 1944 रोजी स्टालिनच्या संरक्षण समितीने चेचेन आणि इंगुश यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला, आणि 23 फेब्रुवारीला पहाटे सैनिक दारात उभे राहिले. गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने स्टालिनला कळवलेला आकडा वाचताना आजही हात थबकतो: 3,87,229 चेचेन आणि 91,250 इंगुश. एवढी माणसे मालगाडीच्या वाघिणींत भरून ऐन थंडीत कझाकस्तान-किर्गिझियाकडे रवाना झाली. एकूण एक माणूस मोजला, आणि गुन्हा साऱ्या जमातीचा म्हणून एकाच ओळीत लिहिला. गाव उत्तर ओसेतियाला जोडले गेले, त्याचे नाव तार्स्कोये झाले. तिथे ओसेतियन आणून बसवले. त्यांतल्या अनेकांनाही सरकारी दडपणानेच यावे लागले. 1957 मध्ये चेचेन-इंगुश प्रजासत्ताक परत मिळाले, पण प्रिगोरोद्नी जिल्हा, आणि त्यात हे गाव, ओसेतियाकडेच राहिला.

इथे मला इंगुश लेखक इद्रिस बाझोर्किन भेटतो. 1910 चा जन्म, 1944 मध्ये किर्गिझियातल्या फ्रुंझेला हद्दपार, तिथे नाटकमंडळीत काम करून दिवस काढले. परतल्यावर त्याने ‘युगांच्या अंधारातून’ ही मोठी कादंबरी लिहिली, ती 1968 मध्ये राजधानी ग्रोझ्नीत छापली गेली. सपाटीवरून डोंगरात लोटलेल्या माणसांची ही गोष्ट सोव्हिएत छापखान्यातून बाहेर पडली याचे मला अजून नवल वाटते. 1972 मध्ये इंगुशांच्या भवितव्याविषयी मॉस्कोला गेलेल्या प्रदीर्घ पत्राच्या कर्त्यांतही तो होता. पुढच्या जानेवारीत ग्रोझ्नीच्या चौकात हजारो इंगुश जमले आणि त्यांनी प्रिगोरोद्नी परत मागितला. बाझोर्किनला पक्षातून काढले. जबाबदार माणसाने लेखणी हाती घेतली की काय किंमत पडते, ते त्याला ठाऊक असणार. तरी त्याने ती घेतली.

1992 च्या ऑक्टोबरअखेरीस प्रिगोरोद्नीत इंगुश आणि ओसेतियन यांच्यात रक्त सांडले. दोन्ही बाजूंची मिळून पाचशेहून अधिक माणसे मेली, हजारो इंगुशांची घरे गेली. व्लादिकावकाझमध्ये ऐंशी ओलांडलेल्या बाझोर्किनला ओलीस धरले. त्याचे कागदपत्र लुटले गेले, त्यातच कादंबरीच्या पुढच्या भागाचे हस्तलिखित गेले. अंगुश्तच्या लोकांचे पुढे काय झाले ते सांगायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. 31 मे 1993 रोजी तो वारला. एगिकाल या डोंगरातल्या, 1944 पासून ओस पडलेल्या मनोऱ्यांच्या गावी त्याला पुरले.

दडपलेल्या जमातींच्या पुनर्वसनाचा कायदा रशियाने 26 एप्रिल 1991 रोजी केला. त्यात जमिनीही परत करण्याचे कलम आहे. ते प्रिगोरोद्नीला लागू झालेले नाही, आणि माझ्या मते तो अन्याय आहे. तिथल्या ओसेतियन कुटुंबांना पुन्हा हुसकावणे हाही त्यावरचा उपाय नव्हे. पण ते हस्तलिखित आज कोणाच्या घरात असेल, तर ते त्याने परत करावे.