निकोडेमसचा धडा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८७७ साली, गुलामगिरीतून सुटलेली सुमारे तीनशे माणसे केंटकी राज्यातून निघाली आणि कॅन्ससच्या माळरानावर येऊन थांबली. त्यांनी वसवलेल्या गावाचे नाव निकोडेमस.

कायद्याने गुलामगिरी संपली होती, पण पायाखाली जमीन नव्हती. १८६५ साली काही भागांत मुक्त गुलामांना जमिनी देण्यात आल्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्या जुन्या मालकांना परत केल्या. जमीन नसलेला मुक्त माणूस पुन्हा त्याच मालकाच्या शेतात राबणार, हे उघड होते. म्हणून १८६२ च्या होमस्टेड कायद्याचा आधार घेऊन ही माणसे पश्चिमेला निघाली. १६० एकर जमीन, पाच वर्षे तिथे राहायचे, ती कसायची, मग मालकी मिळणार. ही जमीन तिथल्या मूळ रहिवासी जमातींकडून हिसकावलेली होती, हेही विसरता येणार नाही.

जाहिरातीत सुपीक भूमीचे वर्णन होते. प्रत्यक्षात लाकूड नाही, घर नाही. आधी आलेले लोक जमिनीत खड्डे खोदून राहत होते. मातीतून धूर निघताना पाहून नव्याने आलेल्या बायांना रडू कोसळले. काही कुटुंबे परत फिरली. जी राहिली त्यांनी हाताने माती फोडली आणि शाळा, चर्च उभारले. या वस्तीत राहिलेले एडवर्ड मॅककेब १८८२ साली कॅन्सस राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले. गुलामांची माणसे राज्याचा हिशेब तपासू लागली!

१८८८ साली रेल्वे गावाला टाळून गेली. दुकाने हलली, पोटासाठी माणसे पांगली. आज तिथे मोजकीच माणसे राहतात. तरीही दरवर्षी जुलैअखेर त्या पहिल्या कुटुंबांचे वंशज देशभरातून गावी येतात. १८७८ पासूनच्या मुक्तिदिनाच्या सोहळ्याची ही परंपरा आहे. पणजोबाचे नाव घेतात, नातवंडांना जुनी शाळा दाखवतात. १९९६ साली सरकारला या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा द्यावा लागला. वंशजांनी आठवण मरू दिली नाही, म्हणून हे घडले.

आता आपल्याकडे पाहू. गावकुसाबाहेर राहून, गावकीच्या दयेवर जगून माणूस स्वतंत्र होत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी त्यासाठी पडीक जमीन आणि वसाहत आयोग मागितला. ते झाले नाही. मग कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो माणसे तुरुंगात गेली. तान्ही लेकरे कडेवर घेऊन आपल्या आया-बहिणी गेल्या.

दादासाहेबांचे नाव आपण घेतो, घेतलेच पाहिजे. पण आपल्या वस्तीतून तुरुंगात कोण गेले? कोणाच्या आजीने किती दिवस काढले? गायरानाचा तुकडा पहिल्यांदा कोणी नांगरला आणि त्यासाठी मार कोणी खाल्ला? ही नावे कोणत्या भिंतीवर कोरली आहेत? ते सत्याग्रही एकेक करून निघून गेले. गायरान कसणाऱ्याला आजही अतिक्रमणदार म्हणून नोटीस येते, तेव्हा तो हातात कोणता पुरावा धरणार?

बांधवांनो, जयंतीचा खर्च थोडा कमी करा. एक वही घ्या. घरातील म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. नाव, गाव, साल, गट नंबर लिहून काढा. जुन्या पावत्या, सातबारे जपून ठेवा. दरवर्षी ६ डिसेंबरला बुद्धविहारात ती नावे मोठ्याने वाचा. १९६४ चा सत्याग्रह त्याच दिवशी सुरू झाला होता.

आपल्या माणसांचा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही.